खाटा अठरा, बाळे एकोणपन्नास

१५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली. त्या रात्री दहा बाळे गेली. बाहेर काढलेल्यांपैकी आणखी काही पुढच्या दिवसांत दगावली. कक्षाची क्षमता अठरा बाळांची होती आणि आत एकोणपन्नास बाळे होती. खिडक्या फोडून बाळे बाहेर काढावी लागली. कपड्यांनी पेट घेतला तरी एक परिचारिका बाळे उचलून बाहेर देत राहिली. त्याच आवारात ५१ खाटांचा नवा कक्ष उभा राहत होता. तिकडे हलवणे तेवढे व्हायचे होते.

आग विजेच्या बिघाडातून लागली. चौकशी बसली, प्राचार्यांना पदावरून दूर करण्यात आले, काहींचे निलंबन झाले. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने प्रकरण तिथे संपले. आमच्या दृष्टीने ते तिथे सुरू होते. अठराच्या जागी एकोणपन्नास बाळे का होती, हा प्रश्न ठिणगीच्या आधीचा आहे. शहरातील रुग्णालयांच्या पुनर्विकासाच्या ज्या योजना आज ठिकठिकाणी आखल्या जात आहेत, त्या साऱ्या योजनांना आम्ही हाच प्रश्न विचारणार आहोत.

कोणी म्हणेल, झाशी उत्तर प्रदेशात; मराठी कामगाराने तिची चिंता का करावी? झाशी आम्हांला परकी नाही. नेवाळकरांच्या काळापासून तेथे मराठी घरे आहेत, आणि रेल्वेने त्यांत आणखी भर घातली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वे स्थापन झाली तेव्हापासून ३१ मार्च २००३ पर्यंत झाशी विभाग तिचा भाग होता. भुसावळचा माणूस बदलीवर झाशीला जाई आणि झाशीचा माणूस कल्याणला येई. झोनचे मुख्य रुग्णालय भायखळ्याला होते. १ एप्रिल २००३ पासून विभाग उत्तर मध्य रेल्वेत गेला आणि मुख्यालय प्रयागराजला गेले. पण वॅगन वर्कशॉपमध्ये, लोको शेडमध्ये, आर.एम.एस.मध्ये आयुष्य घालवलेली आपली माणसे तेथेच राहिली. त्यांची नातवंडे आजारी पडली तर तीही त्याच वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारात जातात. शिवाय आगीची ही गोष्ट आपल्याच घरात जवळजवळ चार वर्षे आधी घडून गेलेली आहे. त्याविषयी पुढे.

प्रथम मऊरानीपुर. झाशीहून माणिकपूरच्या वाटेवर ओरछा, बरुआसागर, निवाडी मागे टाकले की साठ-पासष्ट किलोमीटरवर हे तालुक्याचे गाव लागते. पन्नास हजारांवर वस्ती. रानीपुरचे विणकाम आणि जलविहाराची जत्रा यांसाठी बुंदेलखंडात नाव. पुढे हरपालपूर, महोबा. आमचे ट्रॅकमन, गेटमन, पॉइंट्समन या सेक्शनमध्ये काम करतात. आणि आसपासच्या खेड्यांतून ग्रामीण डाकसेवक सायकलवर टपाल वाटतात. नियोजन करणारे शहराच्या रुग्णालयाचा नकाशा काढतात तेव्हा त्या नकाशावर मऊरानीपुर नसते. आणि आमचे म्हणणे असे आहे की शहरातील रुग्णालयाची गर्दी मऊरानीपुरलाच सुरू होते.

हे रेल्वेच्या माणसाला फोड करून सांगायला नको. जंक्शनवर गाड्या तुंबल्या की नवखा माणूस म्हणतो, जंक्शनला फलाट वाढवा. जुना सेक्शन कंट्रोलर विचारतो, अलीकडच्या स्टेशनांवर लूप लाइन आहे का, क्रॉसिंग होते का, की प्रत्येक गाडी सरळ जंक्शनच्या होम सिग्नलपर्यंत येऊन उभी राहते? रुग्णालयांचेही असेच आहे. तालुक्याच्या सामुदायिक आरोग्य केंद्रात तीस खाटा, शस्त्रक्रिया करणारा सर्जन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ, फिजिशियन आणि भूल देणारा डॉक्टर असावा, असे सरकारचेच मानक आहे. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार लोकांमागे असे एक केंद्र. मानक उत्तम आहे. पण केंद्र सरकारच्याच २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीप्रमाणे देशभरातील ग्रामीण सामुदायिक केंद्रांत गरजेच्या मानाने जवळजवळ ८० टक्के विशेषज्ञ कमी होते. म्हणजे पाच जण हवेत तेथे एक.

आता समजा, मऊरानीपुरच्या सेक्शनमधील एखाद्या ट्रॅकमनच्या बायकोची प्रसूती अडली. सर्जन आहे पण भूल देणारा नाही. किंवा दोघेही आहेत पण रक्त साठवण्याची सोय नाही. मग चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला जातो : रेफर. १०८ ची गाडी मिळाली तर गाडी, नाहीतर भाड्याची जीप. रात्रीच्या वेळी साठ किलोमीटर. तेथे पोचेपर्यंत आईचा जीव वाचला तरी बाळ गुदमरलेले असते, आणि ते बाळ सरळ अतिदक्षता कक्षात जाते. ते बाळ एकोणपन्नासातले एक होते. मध्य प्रदेशातील निवाडी, टिकमगड, दतिया येथूनही लोक झाशीलाच येतात, कारण आजाऱ्याला राज्याची हद्द कळत नाही, जवळचे मोठे इस्पितळ कळते. २०११ च्या जनगणनेत झाशी जिल्ह्याची लोकसंख्या वीस लाखांच्या घरात होती. शेजारच्या राज्याची ही भर कोणत्या नियोजनाच्या कागदावर धरलेली असते?

टपालखात्यातील बंधूंना आम्ही एक गोष्ट विचारतो. मऊरानीपुरच्या खिडकीवर कोणी रजिस्टर पत्र टाकले, तर ते झाशीला पोचेपर्यंत किती ठिकाणी त्याची नोंद होते? घेणारा सही करतो, थैलीच्या यादीत क्रमांक चढतो, सॉर्टिंगला पुन्हा ताळा होतो, वाटपाच्या वेळी पत्त्यावरचा माणूस सही करतो. मध्येच हरवले तर कोणाच्या हातून हरवले हे काढता येते. पण मऊरानीपुरहून रेफर केलेली बाळंतीण झाशीला पोचली की नाही, पोचली तर खाट होती की नाही, याची पावती कोणाकडे असते? झाशीच्या कक्षात जागा नाही हे मऊरानीपुरच्या डॉक्टरला पाठवण्याआधी कळायला हवे. कळले असते तर त्याने दुसरीकडे पाठवले असते, किंवा झाशीने दुसरी सोय केली असती. पैशांची मनीऑर्डर आपण ज्या काळजीने पोचवत आलो तेवढी काळजी माणसाच्या बाबतीत घेतली जावी, ही मागणी फार मोठी आहे असे आम्हांला वाटत नाही.

आता योजनांकडे वळू. सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे खोटेपणाचे होईल. प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात जुनी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुधारायला घेतली गेली. त्यांत झाशीचे नाव होते. प्रत्येक ठिकाणी सुपर स्पेशालिटी विभागासाठी केंद्र आणि राज्य मिळून पैसा ठरला. २०२१ साली आरोग्याच्या पायाभूत सोयींसाठी प्रधानमंत्र्यांच्या नावाने आणखी एक योजना आली; ६४,१८० कोटी रुपयांची, आणि मोठ्या जिल्ह्यांत अतिदक्षता इमारती बांधण्याचे तिच्यात ठरले. इमारती उठल्या, उठत आहेत. आम्ही इमारतींच्या विरुद्ध नाही. चाळीस-पन्नास वर्षांचे जुने वायरिंग, गळके छप्पर, अरुंद जिने बदलायलाच हवेत.

पण खाट म्हणजे काय, हे योजनेच्या कागदावर कोणी लिहीत नाही. लोखंडी पलंग ही खाट नव्हे. खाटेमागे प्राणवायू, खाटेमागे वीज, खाटेमागे औषध, आणि मुख्य म्हणजे खाटेजवळ माणूस. रेल्वेत एक जागा चोवीस तास चालवायची तर किती माणसे लागतात, हे आमचा कोणताही शाखा सेक्रेटरी बोटावर मोजून सांगेल. आठवड्याचे १६८ तास. माणशी ४८ तास धरले तरी साडेतीन माणसे. साप्ताहिक सुट्टीला रेस्ट गिव्हर, रजेला लीव्ह रिझर्व्ह. म्हणजे एका जागेला चार माणसांवर. केबिनला जो हिशोब तोच वॉर्डला. कक्षात सतत चार परिचारिका हव्यात असे म्हटले की सोळा-सतरा पदे मंजूर करून भरावी लागतात. पदे मंजूर होतात तेव्हा हिशोब एका पाळीचा असतो, भरली जातात त्याहून कमी, आणि उरलेली कंत्राटदाराकडून. दर अकरा महिन्यांनी ज्याची नोकरी संपते त्या माणसाला आग लागल्यावर कोणता झडपेचा दांडा फिरवायचा, हे कोणी आणि कधी शिकवायचे?

म्हणून आमचा आग्रह असा की पुनर्विकासाच्या अंदाजपत्रकात विटा-सिमेंटच्या रकान्याशेजारीच पदांचा रकाना असावा. आणि दोन्ही एकाच दिवशी मंजूर व्हावेत. नवी लाइन टाकली आणि स्टेशन मास्तर दिले नाहीत तर त्या लाइनीवर गाडी धावत नाही. इमारतीचे मात्र उद्घाटन होऊन जाते.

रेल्वेकडून रुग्णालयांनी घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. नवीन मार्ग प्रवाशांसाठी खुला करायचा तर रेल्वे सुरक्षा आयुक्त तो स्वतः तपासतात, आणि त्या तपासणीशिवाय प्रवासी गाडी सुटत नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्यात ही तरतूद आहे. शिवाय हे आयुक्त रेल्वे बोर्डाच्या हाताखाली नाहीत. ते नागरी उड्डाण मंत्रालयाखाली ठेवलेले आहेत. अपघाताची चौकशी ज्याच्याकडे अपघात झाला त्यानेच करू नये, हा त्यामागचा विचार. ही व्यवस्था परिपूर्ण आहे असे आम्ही म्हणत नाही. तिच्या शिफारशी धूळ खात पडतात तेव्हा आम्हीच ओरड करतो. पण निदान अशी एक व्यवस्था आहे. पुलाला भार किती सोसेल ते ठरलेले असते आणि त्याहून जास्त एक्सल लोडची गाडी त्यावरून जात नाही. रूळ खराब असला तर कॉशन ऑर्डर निघते आणि ड्रायव्हर वेग कमी करतो. मग गाडी उशिरा आली म्हणून कोणी कितीही ओरडो. रुग्णालयाच्या कक्षाला अशी कॉशन ऑर्डर कोण देतो? अठरा खाटांच्या जागी पंचविसावे बाळ आले तेव्हा लाल निशाण दाखवण्याचा अधिकार कोणाला होता? परिचारिकेला नव्हता. डॉक्टरही आलेल्या बाळाला परत पाठवू शकत नव्हता, आणि त्याने पाठवूही नये. तो अधिकार व्यवस्थेचा असावा लागतो, आणि त्याबरोबर दुसऱ्या खाटेची हमी असावी लागते.

आता आपल्या घरची गोष्ट. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागली. आत सतरा बाळे होती. सात वाचली, दहा गेली. झाशीत पहिल्या रात्री दहा आणि भंडाऱ्यातही दहा. भंडाऱ्यानंतर राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. आदेश आणि आग यांच्यामध्ये दहा महिने होते. दहा महिन्यांत ऑडिटचा कागद तयार होतो. पाण्याची लाइन, स्वतंत्र वायरिंग आणि दुसरे दार मात्र पैसा आणि अधिकार असल्याशिवाय होत नाही. ऑडिट करणाराने दोष दाखवला आणि दुरुस्तीला मंजुरी नाही, ही अवस्था आम्हांला नवी नाही. ट्रॅकमन फिशप्लेट ढिली असल्याचे लिहून देतो आणि वर सामान नाही असे उत्तर येते, तसेच हे.

आणि मग दोष कोणाच्या माथी बसतो? २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात बाळे होती. सारा महाराष्ट्र हादरला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एका खासदाराने तेथे जाऊन अधिष्ठात्यांकडून शौचालय साफ करून घेतले आणि ते चित्र देशभर दाखवले गेले. शौचालय घाण होते हे खरे असेल. पण सफाई कामगारांची पदे किती आणि भरलेली किती, हे त्याच वेळी विचारले गेले असते तर काही साधले असते. औषधांची खरेदी २०१७ साली हाफकिन महामंडळाकडे दिली गेली, ती व्यवस्था अडखळत राहिली, आणि २०२३ साली त्यासाठी वेगळे प्राधिकरण करण्याचा कायदा करावा लागला. या सहा वर्षांत वॉर्डातील परिचारिकेने नातेवाइकांना बाहेरून औषध आणा म्हणून किती चिठ्ठ्या लिहून दिल्या असतील, आणि त्या प्रत्येक चिठ्ठीमागे किती शिव्या खाल्ल्या असतील? धोरण वर ठरते, शिव्या खाली मिळतात. अपघात झाला की प्रथम पॉइंट्समन निलंबित होतो, हे ज्यांनी आयुष्यभर पाहिले त्यांना यापेक्षा जास्त सांगण्याची गरज नाही.

हलगर्जीपणाला आम्ही पाठीशी घालत नाही. कामावर झोपणाऱ्याला, रुग्णाकडून पैसे उकळणाऱ्याला युनियनचे संरक्षण नको. परंतु दहा माणसांचे काम चौघांकडून करून घ्यायचे आणि चूक झाली की चौघांतल्या एकाला काढायचे, याला शिस्त म्हणत नाहीत.

सरकारकडे माणसे नाहीत, पैसा नाही, म्हणून खाजगी भागीदार आणा, असा उपाय आता सगळीकडे सुचवला जात आहे. नीती आयोगाने २०१७ साली एक नमुना करार तयार केला. जिल्हा रुग्णालयातील जागा तीस वर्षांसाठी खाजगी कंपनीला द्यायची आणि तिने हृदयविकार, कर्करोग, श्वसनाचे आजार यांवर पन्नास ते शंभर खाटांचे उपचार चालवायचे, असा तो करार. मोफत रुग्णांसाठी राखीव खाटा ठेवण्याचे बंधन त्यात नव्हते. २०२० साली त्याहून पुढची योजना आली : खाजगी संस्थेने वैद्यकीय महाविद्यालय काढावे आणि त्याला जोडून सरकारी जिल्हा रुग्णालय साठ वर्षांसाठी तिच्या ताब्यात द्यावे. साठ वर्षे म्हणजे आज नोकरीला लागलेल्या कामगाराची नोकरी, त्याचे निवृत्त आयुष्य आणि त्याच्या मुलाची निम्मी नोकरी.

भागीदारीचा अनुभव मुंबईने घेतलेला आहे. अंधेरीला मरोळ येथे महानगरपालिकेने आपली मोक्याची जमीन एका खाजगी रुग्णालयाला दिली. दीड हजार खाटांचे रुग्णालय व्हायचे आणि त्यांतील २० टक्के खाटा पालिकेच्या रुग्णांना मिळायच्या, असे ठरले. २०१० साली सेव्हन हिल्स रुग्णालय सुरू झाले. पालिकेच्या खाटांवरून वर्षानुवर्षे भांडण झाले. कर्ज वाढत गेले, २०१८ साली दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली आणि एवढी मोठी इमारत जवळपास रिकामी पडली. २०२० साली कोरोना आला तेव्हा तेथे रुग्ण ठेवले कोणी? त्याच महानगरपालिकेने, आपले डॉक्टर, आपल्या परिचारिका आणि आपले सफाई कामगार नेऊन. जमीन जनतेची, शेवटी माणसेही जनतेची. मधल्या दहा वर्षांत भागीदाराने काय दिले याचा हिशोब व्हायला हवा. गोवंडी, मानखुर्दसारख्या गरीब वस्त्यांतील पालिकेची रुग्णालये २०२५ साली पुन्हा याच मार्गाने चालवायला देण्याचा घाट घातला गेला तेव्हा तेथील कामगार संघटना आणि रहिवासी एकत्र उभे राहिले, ते याच अनुभवामुळे.

आमच्यातलेच काही बंधू म्हणतात, रेल्वे रुग्णालयात तासन् तास बसण्यापेक्षा पॅनेलवरचे खाजगी इस्पितळ बरे. त्यांची तक्रार खरी आहे आणि ती आम्ही झटकून टाकत नाही. डॉक्टर नसेल, औषध नसेल तर कामगार बाहेर जाणारच, आणि तातडीच्या वेळी त्याला जवळच्या खाजगी रुग्णालयात उपचार मिळालेच पाहिजेत. परंतु पॅनेल हा आधार आहे, पर्याय नाही. बिबेक देबरॉय समितीने २०१५ साली रेल्वेने शाळा, रुग्णालये अशा कामांतून अंग काढून घ्यावे असे सुचवलेच होते. त्याआधी २००९ च्या रेल्वे अर्थसंकल्पात रेल्वे रुग्णालयांना जोडून खाजगी भागीदारीत वैद्यकीय महाविद्यालये काढण्याची घोषणा झाली होती. त्या यादीत नागपूरही होते. तिकडे सातव्या वेतन आयोगाने टपालखात्याचे उरलेले ३३ दवाखाने केंद्र सरकारी आरोग्य योजनेत विलीन करण्याची शिफारस केली. आणि ज्याच्या जोरावर खेड्यापाड्यांत टपालखाते उभे आहे तो ग्रामीण डाकसेवक तर त्या आरोग्य योजनेच्याही बाहेर आहे. मऊरानीपुरच्या परिसरातील डाकसेवक आजारी पडला तर त्याला पॅनेलही नाही आणि रेल्वे रुग्णालयही नाही. त्याला आहे ते तालुक्याचे सरकारी केंद्र आणि झाशीचे वैद्यकीय महाविद्यालय. म्हणून सरकारी रुग्णालयाचा प्रश्न हा आपल्यातल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाचा प्रश्न आहे. ज्याच्या हातात वैद्यकीय कार्ड आहे त्याने या लढ्यात मागे राहिले तर उद्या त्याचे कार्ड वाचवायला कोणी येणार नाही.

पैसा नाही, या म्हणण्याचाही विचार करू. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात सरकारनेच लिहून दिले की आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पन्नाच्या अडीच टक्के होईल. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो १.८४ टक्के होता, तोही कोरोनाच्या काळात. त्याच वर्षी आरोग्यावर झालेल्या एकूण खर्चापैकी ३९ टक्क्यांवर खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. म्हणजे पैसा नाही असे नाही. तो सरकारी तिजोरीतून न जाता कामगाराच्या भविष्य निर्वाह निधीतून, बायकोच्या मंगळसूत्रातून आणि सावकाराच्या वहीतून जातो आहे. पाच लाखांच्या विमा कार्डाने काही जणांची मोठी शस्त्रक्रिया झाली, हे मान्य. पण कार्डाने मऊरानीपुरला भूल देणारा डॉक्टर येत नाही.

तेव्हा शहराच्या रुग्णालय-व्यवस्थेचा पुनर्विकास करताना पुढील गोष्टी व्हाव्यात, अशी आमची मागणी आहे :

१. योजनेची सुरुवात तालुक्यापासून व्हावी. आसपासच्या प्रत्येक सामुदायिक केंद्रात शस्त्रक्रिया, भूल, रक्त आणि नवजात बाळाची सोय चोवीस तास झाल्याशिवाय शहरातील सुपर स्पेशालिटी इमारत पूर्ण झाली असे मानू नये.

२. इमारतीच्या मंजुरीबरोबरच कायम पदांची मंजुरी व्हावी. पाळ्या, सुट्ट्या आणि रजा धरून. कायम स्वरूपाच्या कामाला कंत्राटी माणूस नको.

३. जुन्या वॉर्डात रुग्ण असेपर्यंत तेथील वायरिंग, प्राणवायू आणि दारे यांच्या दुरुस्तीसाठी वेगळा पैसा असावा. नवीन होणार आहे म्हणून जुने तसेच सोडू नये. भंडारा आणि झाशीचा हा धडा आहे.

४. रुग्णालयांच्या सुरक्षेसाठी आरोग्य खात्याच्या हाताखाली नसलेली तपासणी यंत्रणा असावी, आणि तिचे अहवाल रुग्णालयाच्या दारावर मराठीत, हिंदीत, स्थानिक भाषेत लावावेत.

५. रेफर केलेल्या प्रत्येक रुग्णाची पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे नोंद व्हावी, आणि पाठवण्याआधी खाट ठरावी.

६. सरकारी रुग्णालये आणि त्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या करारांनी खाजगी हातात देऊ नयेत. ग्रामीण डाकसेवकांना केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांप्रमाणे वैद्यकीय संरक्षण द्यावे.

मागण्या लिहून कोणाचे काही होत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून प्रत्येक शाखेने एक काम करावे. आपल्या तालुक्याच्या आरोग्य केंद्रात आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात पदे मंजूर किती, भरलेली किती, अग्निसुरक्षेची शेवटची तपासणी कधी झाली आणि तिच्यातील किती सूचना पुऱ्या झाल्या, हे माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज करून विचारावे. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. रुग्णालयांच्या रोगी कल्याण समित्या आहेत. त्यांच्या बैठका होतात का आणि तेथे कामगारांचा माणूस का नाही, हेही विचारावे. उत्तरे आली की शाखेच्या फलकावर लावावीत. वॉर्डातील परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांच्या संघटनांना आपल्या सभेला बोलवावे. त्यांना जे माहीत आहे ते कोणत्याही सल्लागार कंपनीच्या अहवालात सापडणार नाही.

२०२० साली रेल्वेने पाच हजारांवर डबे रुग्णांसाठी तयार केले. वर्कशॉपमधील कामगारांनी रात्रंदिवस खपून ते केले. टपाल कामगारांनी त्याच काळात बंद रस्त्यांवरून औषधे पोचवली. हे काम आम्हांला कोणी शिकवायला लागले नाही. मग अठरा बाळांच्या कक्षात एकोणपन्नास बाळे येणार नाहीत एवढे पाहणे या देशाला अशक्य आहे, हे आम्ही मान्य करायला तयार नाही. पुढच्या महिन्यात अर्ज टाका, आणि आलेली उत्तरे कार्यालयाकडे पाठवा. कोठे किती जागा रिकाम्या आहेत ती यादी आम्ही याच पानांवर गावाच्या नावासह छापू.